अखाजीपर्यंत थांबू नका

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सात एकर कोरडवाहू आहे, कापूस घेतो. माझे आबा ६९ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन असतं. दिवाळीपासून ते दोनदा चुकलं, आधी वेचणीमुळे, मग पैशांमुळे. दोन महिने झाले, आबांची पाठ दुखते. बरगड्यांखाली पट्टा आवळल्यासारखं होतं म्हणून गॅसच्या गोळ्या दिल्या. तालुक्याला कमरेचा एक्स-रे काढला, 'वयामुळे गॅप आलीय, बाकी नॉर्मल' असं सांगितलं. शेजारच्या गावचा एक पायाळू माणूस उसण काढतो, त्याच्याकडून दोनदा पाठीवर पाय फिरवून घेतला. आडवं झालं की दुखणं वाढतं, म्हणून आबा ओट्यावर भिंतीला टेकून रात्र काढतात. चार दिवसांपासून म्हणतात, 'पाय जड पडी ग्यात.' परवा ओट्यावरून उतरताना गुडघ्यात मोडल्यासारखे खाली बसले. धुळ्याच्या डॉक्टरांनी 'एमआरआय होल स्पाइन, अर्जंट' असं लिहून दिलंय. काका म्हणतात, एक्स-रे झालाय, आता परत खर्च कशाला. आबा म्हणतात, 'अखाजी व्हई जाऊ दे, मंग दखसूत.' अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, बारा दिवसांवर आहे, बहिणी माहेरी येणार आहेत. दुखतं तेवढ्याच जागेचा एमआरआय चालणार नाही का? आबांच्या मांडीत जुन्या अपघाताचा रॉड आहे, मशीनमध्ये त्याचं काही होणार नाही ना? आणि बारा दिवसांत असं काय बिघडणार आहे?

उत्तर

दादा, तुमचा मेल मी मंगळवारी रात्री वाचला आणि लगेच फोन लावला, हे तुम्हाला ठाऊक आहे. सदरात उत्तर यायला आठवडा जातो आणि 'पाय जड पडी ग्यात' हे वाक्य आठवडाभर पडून राहण्यासारखं नव्हतं. फोनवर मी कारणं सांगत बसले नाही. एवढंच म्हणाले, की आज रात्री निघा, आबांना गाडीत बसवू नका, आडवं न्या, १०८ला फोन करा. तुम्ही ऐकलंत. पुढे काय झालं ते लिहायला तुम्ही आणि आबांनी परवानगी दिलीत, म्हणून आता सावकाश सांगते. तुमचे प्रश्न तुमच्या एकट्याचे नाहीत. असं पत्र मला वर्षातून चार-पाच वेळा येतं आणि बहुतेक वेळा पाय गेल्यानंतर येतं.

बारा दिवसांचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत.

पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. करंगळीएवढा जाड, मऊ आणि चहूबाजूंनी हाडाच्या नळीत कोंडलेला. पायांची ताकद, पायांची जाणीव, लघवी आणि संडासावरचा ताबा हे सगळं त्यातून जातं. कॅन्सर मणक्याच्या हाडात उतरला, की तो हाड पोखरतो आणि वाढत वाढत त्या नळीत शिरतो, किंवा पोखरलेला मणका दबतो आणि त्याचा भाग आत सरकतो. रज्जूवर दाब आला की आधी तिथल्या शिरा दबतात, सूज चढते, मग रक्तपुरवठा तुटतो. सूज आहे तोवर दाब काढला तर रज्जू सावरतो. रक्तपुरवठा तुटून पेशी मेल्या, की नंतर कितीही मोठं ऑपरेशन केलं तरी त्या परत येत नाहीत. ही घसरण काही जणांत आठवड्यांत होते, काही जणांत एका रात्रीत. संध्याकाळी काठी टेकत परसाकडे जाऊन आलेला माणूस सकाळी उठायला लागला तर पाय हलत नाहीत, असं मी पाहिलेलं आहे.

या आजारात पुढे काय होणार हे ठरवणारी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे उपचार सुरू होताना माणूस चालत होता की नाही. चालत असेल तर बहुतेक जण चालते राहतात. पाय पूर्ण लुळे पडून दोन दिवस उलटले असतील तर पुन्हा उभे राहणारे फार थोडे. म्हणूनच ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय, की कॅन्सरच्या रुग्णाची पाठ नुसती संशयास्पद दुखत असेल तर एमआरआय आठवड्याच्या आत आणि पायात कमजोरी, बधिरपणा किंवा लघवीची तक्रार असेल तर २४ तासांच्या आत. आबांचे पाय चार दिवस जड होते. म्हणजे आपण आधीच उशिरा होतो.

काकांचं म्हणणं मला परकं वाटत नाही. एक्स-रे काढला, पैसे मोजले, डॉक्टरांनी नॉर्मल म्हटलं. मग पुन्हा कशाला? पण एक्स-रे दाखवतो हाडातलं कॅल्शियम. कॅन्सर मणक्यात येतो तो रक्तातून, आणि पहिलं बस्तान मांडतो हाडाच्या आतल्या मगजात. बाहेरचं कवच तेव्हा शाबूत असतं. मणक्याचा जवळजवळ एक-तृतीयांश ते अर्धा भाग खाऊन होईपर्यंत एक्स-रेवर काही दिसेलच असं नाही. आणि मज्जारज्जू तर एक्स-रेवर कधीच दिसत नाही. त्यातून आबांचा एक्स-रे होता कमरेचा, दुखत होतं बरगड्यांच्या पातळीला. 'गॅप' म्हणाल तर साठीच्या पुढच्या शंभर माणसांचे एक्स-रे काढा, बहुतेकांत गॅप सापडेल. जे सगळ्यांतच सापडतं त्याला या दुखण्याचं कारण कसं म्हणायचं?

हे मी अधिकाराने सांगते आहे असं समजू नका. १९९०च्या दशकात मी नवी डॉक्टर होते. माझ्या मावशीला पाच वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर होऊन गेला होता, ऑपरेशन झालं होतं, आम्ही सगळे तो विषय विसरलो होतो. तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं. मी स्वतः तिचा एक्स-रे खिडकीकडे धरून पाहिला आणि म्हणाले, मावशी, काही नाही, आराम कर. तिने माझ्यावर विश्वास ठेवून तीन आठवडे आराम केला. तिचे पाय गेल्यावर आम्ही तिला मुंबईला नेलं, तिथे एमआरआय झाला. छातीच्या चौथ्या मणक्यापाशी रज्जू चेपून पातीएवढा उरला होता. ती त्यानंतर चौदा महिने जगली, सगळे अंथरुणावर. ती मला एकदाही काही बोलली नाही. पुढे मी रेडिओलॉजी घेतली त्यामागे तो एक्स-रे आहे.

आता एमआरआय काय वेगळं करतो ते सांगते. त्यात क्ष-किरण नाहीत. मोठ्या चुंबकात शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनकडून आलेल्या संकेतांचं चित्र बनतं. उतारवयात मणक्याच्या मगजात चरबी जास्त असते, म्हणून टी-वन नावाच्या चित्रात निरोगी मणका उजळ दिसतो. जिथे कॅन्सरने मगज खाल्ला तिथे काळा डाग पडतो. दुसऱ्या एका चित्रात, त्याला स्टर म्हणतात, चरबीचा उजेड मुद्दाम विझवलेला असतो. तिथे तोच डाग पांढरा पेटलेला दिसतो. आणि टी-टू चित्रात रज्जूभोवतीचं पाणी पांढरंशुभ्र दिसतं, मधून रज्जूची करडी दोरी. निरोगी पाठीत पाटाच्या दोन्ही काठांसारख्या त्या दोन पांढऱ्या रेघा वरपासून खालपर्यंत अखंड जातात. जिथे रेघ पुसली जाते तिथे दाब आहे. रज्जूच्या आत सूज असली तर करड्या दोरीत पांढरट झाक येते. ही तपासणी या आजारात इतकी भरवशाची आहे की चित्र नीट निघालं असेल तर शंकेला जागा फार थोडी उरते.

बोन स्कॅन झालाय, मग एमआरआय कशाला, असंही काही जण विचारतात. बोन स्कॅन कोणत्या हाडात हालचाल आहे ते सांगतो, रज्जू दबला का ते सांगत नाही. सहा महिन्यांपूर्वीचा चांगला रिपोर्टही आजच्या जड पायांना उत्तर देत नाही.

पूर्ण पाठीचाच का, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चुका होतात आणि पैसे देऊन होतात. पाठ दुखते म्हटलं की सेंटरवर सवयीने 'एल एस स्पाइन', म्हणजे कमरेचा एमआरआय होतो. पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. खाली उरतात त्या नसा. नुसत्या कमरेच्या चित्रात रज्जूचं फक्त टोक येतं, आणि हा दाब साधारण साठ टक्के लोकांत छातीच्या मागच्या मणक्यांत असतो. कमरेचा रिपोर्ट ठणठणीत आणि पाय मात्र रोज गळत चाललेत, अशी माणसं या चुकीतून तयार होतात.

दुसरं असं, की जिथे दुखतं किंवा जिथून खाली बधिर वाटतं तिथेच दाब असेल याचा भरवसा नाही. बधिरपणाची रेघ बेंबीवर असते आणि दाब चार-पाच मणके वर सापडतो. तिसरं, सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत एकापेक्षा जास्त ठिकाणी आजार असतो. एक जागा शेकली, म्हणजे तिथे रेडिएशन दिलं, आणि दुसरी, जी दुखत नव्हती म्हणून पाहिलीच नाही, ती दोन महिन्यांनी फुटली, तर सगळा खटाटोप पुन्हा. शेक कुठून कुठपर्यंत द्यायचा, ऑपरेशनचे स्क्रू कोणत्या मणक्यात धरतील, हे ठरवायला डॉक्टरांना पूर्ण कणा समोर लागतो.

आबांचंच बघा. सातव्या छातीच्या मणक्यापाशी रज्जू दोन्ही बाजूंनी आवळलेला होता आणि बाराव्या मणक्यात दुसरा डाग होता, जो अजून नळीत आला नव्हता. बरगड्यांखालचा तो पट्टा, ज्याला आपण दोन महिने गॅस समजलो, तो सातव्या मणक्याच्या नसेचा. पोटाला किंवा छातीला दोरीने करकचून बांधल्यासारखं वाटणं, खोकलं, शिंकलं, कुंथलं की ते वाढणं, ही या आजाराची बोलकी खूण आहे. नेहमीची कंबरदुखी आडवं झालं की हलकी होते. ही आडवं झालं की चढते. ओट्यावर बसून रात्र काढणारा म्हातारा माणूस, आणि मागे कधीतरी कॅन्सरची फाइल, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पायांची वाट बघायची नसते, तपासणी तेव्हाच करायची. पायातून चप्पल निसटते आणि कळत नाही, आंघोळीचं पाणी एका पायाला गरम आणि दुसऱ्याला कोमट लागतं, उंबरा ओलांडताना पाय अडकतो. अशी बारीक लक्षणं कुटुंबाला आधी दिसतात, डॉक्टरला नंतर.

लघवीबद्दल प्रोस्टेटच्या घरांत एक धोका असतो. लघवी तुंबली की सगळे म्हणतात, प्रोस्टेटमुळेच असेल, कॅथेटर टाका. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण तेव्हा पाठ दुखत असेल, पाय हलके लागत नसतील, तर कॅथेटर टाकणाऱ्याला पाठीचं सांगा. रज्जूमुळे लघवी तुंबली तर अनेकदा दुखतसुद्धा नाही, पोट नुसतं फुगून येतं. बद्धकोष्ठाचं तसंच, सगळं खापर दुखण्याच्या गोळ्यांवर फोडलं जातं.

पायाळूचं मी रागावून लिहीत नाही. उसण भरली की पायाळूकडे जाणं आपल्याकडे पिढ्यांचं आहे, आणि साध्या उसणीत चोळल्याने बरं वाटतंही. पण पोखरलेला मणका वाळवी लागलेल्या तुळईसारखा असतो. त्यावर पाय दिला, मान-कंबर कडकन मोडली, ताण लावला, तर तो जागच्या जागी बसू शकतो, आणि आत रज्जू आहे. ज्या घरात कॅन्सर होऊन गेलाय त्या घरात पाठीला हात लावू देण्याआधी फोटो हवा. आबांच्या बाबतीत दोनदा वाचलो.

रॉडचं उत्तर सोपं आहे. मांडीच्या हाडात बसवलेल्या रॉडला सहसा अडचण येत नाही. तो हाडात घट्ट असतो आणि पाठीच्या चित्रापासून लांबही. तरी ऑपरेशनचा कागद असेल तर दाखवायचा, नसेल तर तंत्रज्ञांना तोंडी सांगायचं. विचारलं जातं ते पेसमेकर, कानाच्या आतलं यंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप यांबद्दल, आणि वेल्डिंग-ग्राइंडिंग करणाऱ्याच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का याबद्दल. यातलं काही असलं तर आधी सांगा, लपवून आत जाऊ नका. बरेचसे नवे पेसमेकरही तपासून, तयारी करून एमआरआयमध्ये नेता येतात, आणि अगदीच जमत नसेल तर सीटी स्कॅनवर काम भागवावं लागतं. बाकी मंगळसूत्र, जोडवी, ताईत, कवळी, खिशातली चुन्याची डबी, सगळं बाहेर. एमआरआयने कॅन्सर पसरतो, असं गावात कोणीतरी ठामपणे सांगतंच. अजिबात पसरत नाही.

खरी अडचण दुसरीच असते. आडवं पडवत नाही म्हणून बसून रात्र काढणाऱ्या माणसाला पाऊण तास सपाट, न हलता झोपायचं असतं. हलला की चित्र पुसट येतं, आणि पुसट चित्रावर निर्णय घेता येत नाही. म्हणून आत जाण्याआधी अर्धा-पाऊण तास वेदनाशामक औषध द्यायला डॉक्टरांना सांगायचं, लाजायचं नाही. मशीन धडधडतं, कानात बोळे देतात, हातात एक फुगा देतात, तो दाबला की माणसं थांबतात. हे आबांना आधी कळलं तर निम्मी भीती जाते. तुम्ही फोनवर सांगितलंत, की आबा आतमध्ये कापसाच्या सऱ्या मोजत राहिले. मला ते फार आवडलं.

कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे चित्र ठळक करणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनसाठी अडून राहू नका. रज्जूवर दाब आहे का, हे साध्या एमआरआयमध्येच कळतं. आबांसारख्यांच्या मूत्रपिंडावर लघवी तुंबून ताण आलेला असू शकतो, तेव्हा क्रिएटिनिनचा रिपोर्ट येईपर्यंत थांबण्यापेक्षा साधं चित्र लगेच काढलेलं बरं. कॉन्ट्रास्ट लागतो तो वेगळ्या शंका असतील तेव्हा, म्हणजे रज्जूच्या आतच गाठ आहे का, किंवा पू झालाय का.

पू म्हटल्यावर टीबीचं सांगायलाच हवं. आपल्याकडे मणक्याचा टीबी भरपूर आहे आणि तोही हळूहळू पाय घेतो. कॅन्सरची फाइल असली म्हणून टीबी होत नाही असं नाही आणि टीबीच्या गोळ्या अंदाजाने चालू करून दोन महिने वाट बघणं हे तर मी अनेकदा पाहिलंय. एमआरआयमध्ये बहुतेक वेळा फरक कळतो. टीबी सहसा दोन मणक्यांमधली गादी खातो, लगतचे दोन्ही मणके धरतो, बाजूला पू साठवतो. कॅन्सर सहसा गादी सोडून देतो, मणका धरतो, मणक्याची मागची बाजू धरतो. शंका राहिली तर सुईने तुकडा घेऊन तपासावा लागतो.

तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं 'पाठदुखी' न लिहिता 'प्रोस्टेट कॅन्सर, दोन्ही पाय कमजोर, कॉर्ड कॉम्प्रेशनची शंका', म्हणजे रज्जू दबल्याची शंका, असं लिहिलं होतं, म्हणून तुमचं काम रात्री साडेअकराला झालं. या एका ओळीला फार किंमत आहे. 'पाठदुखी' लिहिलं असतं तर तुम्हाला चार दिवसांनंतरची तारीख मिळाली असती. आणि काही ठिकाणी 'होल स्पाइन स्क्रीनिंग' म्हणून एकच घाईचं चित्र काढतात. तसं असेल तर रेडिओलॉजिस्टना विनंती करा, की पूर्ण कण्याची टी-वन आणि स्टर चित्रंही घ्या, आणि जिथे डाग दिसेल तिथले आडवे छेदही. रिपोर्टसोबत सीडी मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांना शब्दांपेक्षा चित्र लागतं.

चित्र आल्यावर डॉक्टरांनी आबांना डेक्सामेथासोन सुरू केलं. हे सूज उतरवणारं स्टेरॉइड, या आजारात बहुधा दिवसाला १६ मिलिग्रॅमने सुरू करतात आणि मग उतरवत आणतात. त्याने साखर वाढते, पोटात जळजळ होते, म्हणून साखर तपासत राहतात आणि पोटाची गोळी सोबत देतात. हे वाचून कोणी मेडिकलमधून स्वतः आणून देऊ नये. काही कॅन्सरमध्ये, खास करून लिम्फोमात, आधी स्टेरॉइड दिलं तर तपासणीचा तुकडाच फसवा येतो. आणि एक गोष्ट, जी तुम्ही फोनवर विचारलीत: चुकलेलं इंजेक्शन गावातच टोचून घेऊ का? नाही म्हणाले त्याचं कारण हे, की त्या जातीच्या इंजेक्शनाने पहिले काही दिवस टेस्टोस्टेरॉन, म्हणजे या कॅन्सरला पोसणारं पुरुषी संप्रेरक, वाढतं आणि मग उतरतं. रज्जू आवळलेला असताना ते काही दिवस घातक ठरू शकतात. आता कोणतं औषध आणि कोणत्या क्रमाने द्यायचं, हे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतील.

तुम्ही नाशिकला पोचलात, तिथे ऑपरेशन की शेक यावर दोन तास चर्चा झाली, आणि तुम्हाला वाटलं की डॉक्टर टोलवाटोलवी करतायत. तसं नव्हतं. २००५ साली एक महत्त्वाचा अभ्यास आला होता. एकाच जागी दाब असलेल्या निवडक रुग्णांत आधी ऑपरेशन आणि मग शेक दिला तेव्हा १०० पैकी ८४ जण चालले, नुसत्या शेकाने ५७. पण त्यात ऑपरेशन सोसू शकणारी माणसं निवडलेली होती. मणका डळमळीत आहे का, हाडाचा तुकडा आत घुसलाय का, हृदय भूल सोसेल का, कॅन्सर बाकी कुठे पसरलाय, हे सगळं पाहून ठरवावं लागतं. आबांचा मणका सरकलेला नव्हता आणि हृदयाची पंपिंग कमी होती, म्हणून शेक ठरला. तो त्यांना एकाच बैठकीत दिला, यावर काकांनी 'एवढ्यात काय होतंय' असं म्हटल्याचं तुम्ही सांगितलंत. काकांना सांगा, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एकदाच दिलेला मोठा शेक आणि पाच दिवसांचा शेक यांत चालत्या राहिलेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखं होतं. गाव सोडून दीड-दोनशे किलोमीटरवर राहण्याची सोय ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ही बातमी मोठी आहे.

पैशांचं थोडक्यात. कॅन्सरचे बरेच उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये आहे. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटा. भरती होण्यापूर्वी बाहेर काढलेल्या एमआरआयचे पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. चुकलेल्या इंजेक्शनबद्दलही त्याच्याकडे विचारा. दोन इंजेक्शनं चुकल्याचं ओझं तुम्ही मनावर घेतलंय हे मला आवाजावरून कळलं. त्या महिन्यांत घरात पैसे नव्हते, आणि असते तर तुम्ही ते खर्चले नसते असं कोणी म्हणू शकत नाही.

आबांना काय आहे ते सांगायचं का, असं तुमच्या बहिणीने हळूच विचारलं होतं. सांगायचं. त्यांना पायांचं सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

काल तुमचा फोन आला, आबा वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत गेले. डावा पाय अजून ओढतो. बहिणी अखाजीला गावी न जाता थेट दवाखान्यात आल्या, आणि धाकटीने डब्यातून आमरस आणला. साखर बघून दोन चमचे दिला असेल, असं धरते.

आता घरी नेताना. आबांची सुताची बाज काढून ठेवा, ती मधे खोल जाते आणि पाठ वाकते. लाकडी पलंग, त्यावर कडक गादी, आणि पलंग भिंतीपासून सुटा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचेल. कुशीवर वळवताना खांदा आणि कंबर एकाच वेळी, ओंडका वळवावा तसं. ते कसं करायचं, हे फिजिओथेरपिस्टकडून घरातल्या दोघांनी तरी शिकून घेतल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. संडासला कमोडची खुर्ची आणा, उकिडवं बसणं आता बंद. टाचा आणि माकडहाड रोज संध्याकाळी उजेडात बघा, लाल डाग दिसला तर त्या बाजूचा भार काढा. आणि पाय पुन्हा जड वाटले, पट्टा पुन्हा आवळला किंवा लघवी अडली, तर मला मेल करू नका. दवाखान्याला फोन करा, मध्यरात्र असली तरी.